गुणवंता उतरला ती टाकी

मित्रांनो, माझ्याजवळ आलं की लोकांचा आवाज आपोआप खाली येतो. ट्रक रिकामा करायला आलेले हमाल माझ्या शेडपर्यंत मोठमोठ्याने बोलत येतात आणि मी दिसले की गप्प होतात. एखादा नवा माणूस विचारतो, "हीच का ती?" त्याला कोणीतरी नुसत्या मानेने हो म्हणतं.

हो, मीच ती. दोन हजार लिटरची स्टीलची टाकी. आधी माझ्यात दूध होतं, मग जंतू होते, आणि एका सकाळी एक माणूस होता. त्याचं नाव गुणवंता. ही गोष्ट मी माझी म्हणून सांगायला बसले आहे, पण तुम्ही ऐकाल तेव्हा तीत त्याचाच वाटा मोठा आहे हे तुमच्या ध्यानात येईल.

माझा जन्म नागपूरच्या एका वर्कशॉपात झाला. कारागिरांनी पत्रा वाकवला, जोडला आणि आतून इतका घासला की दुधाचा थेंबही कुठे चिकटून राहू नये. वर एक तोंड ठेवलं, एक माणूस खांदे आवळून उतरू शकेल एवढं. त्यावर झाकण, बाहेरून चढायला एक शिडी, आत उतरायला चार पायऱ्यांची दुसरी, तळाशी नळ. तिथून मला मोहगावच्या दूध शीतकरण केंद्रात आणलं.

तिथे रोज गावोगावचं दूध यायचं आणि मी रिकामी झाले की गुणवंता मला धुवायचा. तो रामाकोना गावाहून सायकलवर यायचा. किडकिडीत बांधा, कानामागे नेहमी एक विडी, आणि ती तो दिवसभर पेटवायचा नाही. चपला बाहेर काढून, पँट गुडघ्यावर चढवून तो माझ्यात उतरायचा आणि घासता घासता बोलायचा. आत त्याचा आवाज घुमायचा, आणि तो त्याला फार आवडायचा.

"काय म्हणते माय, पोट भरलं का आज?" असं तो विचारायचा, आणि घुमून परत आलेला स्वतःचाच प्रश्न ऐकून हसायचा.

पंधरा वर्षं तो असा उतरला. माझ्या आत जाणं त्याला स्वतःच्या घरात शिरण्यासारखं होतं. तिथे भीतीचं काही असू शकतं हे त्याच्या मनातही येत नसे, आणि येण्याचं कारणही नव्हतं. मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर कितीतरी लोक म्हणाले की तो बेफिकीर होता. तो बेफिकीर नव्हता. तो मला ओळखत होता, आणि मी बदलले होते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढे ते केंद्र बंद पडलं. मी धूळ खात उभी राहिले आणि गुणवंता माझा चौकीदार झाला. अशातच एका दुपारी स्कूटरवरून एक बाई आल्या. त्या स्मिता मॅडम, पांढुर्ण्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या. त्यांनी मला भोवती फिरून पाहिलं, बोटाने वाजवलं.

"ही टाकी विकायची आहे म्हणे," त्या म्हणाल्या.

"हाय न. पण तुमाले कायले पायजे? दूध तं राहिलं नाही."

"हिच्यात जंतू पाळायचे आहेत."

गुणवंता त्यांच्याकडे पाहतच राहिला. "बाई, मी पंधरा साल हिच्यातले जंतू मारून राहिलो, अन तुमी पाळतो म्हणता?"

मॅडम हसल्या आणि तिथेच पायरीवर बसून त्यांनी त्याला सगळं सांगितलं. सौंसरच्या बाहेर मक्यापासून स्टार्च काढणारा एक कारखाना आहे. तिथे मका भिजवतात, दळतात, धुतात. स्टार्च निघतो आणि मागे उरतं आंबूस, पांढरट पाणी. ते पाणी नाल्यात सोडलं जायचं. मॅडमनी त्या नाल्याच्या काठचा चिखल बाटलीत भरून कॉलेजात नेला होता आणि त्यात त्यांना एक जंतू सापडला होता. हा जंतू त्या सांडपाण्यातला स्टार्च खातो. त्याला खायला भरपूर दिलं, पण वाढीला लागणारं नत्र तोडलं, तर तो वाढायचा थांबतो आणि मिळालेलं खाणं पोटात साठवू लागतो. आपण कणगीत धान्य भरून ठेवतो ना, तसं. त्याच्या इवल्याशा अंगात पांढरे दाणे तयार होतात. ते दाणे काढून, धुऊन, वाळवले की त्याचं प्लास्टिक होतं. फरक एवढाच की हे प्लास्टिक मातीत पुरलं तर मातीतले दुसरे जंतू ते खाऊन टाकतात.

गुणवंताने कानामागची विडी काढली, पुन्हा तिथेच खोचली. मग म्हणाला, "तो नाला माझ्या वावराच्या धुऱ्यावरून जाते. उन्हाळ्यात त्याच्यावर साय धरते. बैल तोंड लावते अन मांगं सरते."

"म्हणूनच तर," मॅडम म्हणाल्या.

"मंग टाकी नेता तं मलेबी न्या. हिचा नळ कुठी अडते ते मलेच मालूम हाय."

अशी मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आडवी पडून सौंसरला आले, आणि गुणवंता माझ्या शेजारी, मला हात लावून, उभ्यानेच आला.

कारखान्याने आवाराच्या कोपऱ्यातली एक शेड दिली होती. माझ्या तळाशी भोकं पाडलेली एक नळी बसवली. बाहेर कंप्रेसर. तो चालू झाला की नळीतून हवेचे बुडबुडे उठायचे आणि जंतूंना श्वास मिळायचा. कंप्रेसर सांभाळायला कारखान्याने आपला एक माणूस दिला, मोरेश्वर. अंगाने दणकट, बोलायला कमी. महिन्याभरात गुणवंताचं आणि त्याचं असं जमलं की दोघं एकाच डब्यात जेवू लागले.

माझ्याबद्दल सांगायचं तर, दूध आलं तसं निघून जायचं. हे मात्र माझ्यात राहायचे. कोट्यवधी जीव, नुसते खात, श्वास घेत, त्यांच्या धगीने माझा पत्रा कोमट व्हायचा. आपल्या आत काहीतरी जिवंत आहे ही भावना मला पहिल्यांदा तेव्हा आली. मला ती आवडली होती. आज ती आठवली की माझाच मला धाक वाटतो.

पहिल्या खेपेला मूठभर पावडर निघाली, ज्वारीच्या पिठासारखी. तिचा पातळ कागद केला तर तो पापडासारखा मोडला. मॅडमनी मिश्रण बदललं, पुन्हा केला, पुन्हा मोडला. अकराव्या खेपेला तो वाकला. त्याच्या पिशव्या करून एका रोपवाटिकेला दिल्या, संत्र्याची कलमं लावायला. काळ्या पॉलिथिनची पिशवी फाडून फेकावी लागते. ही पिशवी कलमासकट खड्ड्यात ठेवली की झालं. गुणवंताने या पिशवीचा एक तुकडा आणि काळ्या पिशवीचा एक तुकडा आपल्या अंगणात शेजारी शेजारी पुरला आणि दर रविवारी उकरून पाहू लागला. त्याची बायको पंचफुला त्यावर चिडायची, हे तोच येऊन मोरेश्वरला सांगायचा. "म्हणते, लोकं बी पेरते तं उगवाची वाट पाहते, अन तुमी सडाची वाट पाहून राहिले."

चौथ्या महिन्यात पिशवीच्या तुकड्याची चाळण झाली. तो तुकडा त्याने तळहातावर ठेवून शेडमध्ये आणला, आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला.

मग लोक येऊ लागले. वर्तमानपत्रात फोटो आला. मॅडम दरवर्षी कॉलेजची मुलं घेऊन यायच्या, माझ्यासमोर उभ्या राहून समजावायच्या. त्यांचं एक वाक्य मला पाठ झालं होतं. "हे जंतू आपल्यासारखाच श्वास घेतात. हवा तोडून टाकी बंद केली, तर आतला प्राणवायू ते संपवून टाकतात." मुलं वहीत लिहून घ्यायची. त्या वेळी गुणवंता मागे बादल्या धूत असायचा. बादल्यांच्या आवाजात त्याला काही ऐकू जात नसे, आणि फोटो काढायची वेळ आली की तो स्वतःहून बाजूला व्हायचा.

दोन वर्षं अशी गेली. या दोन वर्षांतही तो माझ्यात उतरला, पण रोज नाही. एरवी तो वरूनच लांब दांड्याच्या ब्रशाने आणि पाइपाने मला धुवायचा. कधी उतरलाच, तर रिकामी झाल्याबरोबर लगेच, तोवर माझ्यात हवा खेळत असायची. म्हणून काही झालं नाही. नशिबाने, असं आता मॅडम म्हणतात.

तिसऱ्या वर्षी पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा असते, रस्ते बंद, बसगाड्या बंद. तेव्हा सगळ्यांनी मिळून तीन दिवसांची सुट्टी धरली. आदल्या दिवशी मला रिकामी करायला घेतलं, पण तळाचा नळ अडला आणि गुडघाभर पाणी आत राहिलं. गुणवंताने मॅडमला फोन लावून विचारलं. मॅडम घाईत होत्या, म्हणाल्या, "राहू द्या, पोळ्यानंतर बघू." मोरेश्वरने कंप्रेसर बंद केला. माश्या जाऊ नयेत म्हणून गुणवंताने झाकण घट्ट लावलं.

मित्रांनो, त्या तीन दिवसांत काय झालं ते फक्त मला माहीत आहे. त्या गुडघाभर पाण्यात अजून जीव होते आणि खाणंही होतं. हवा मात्र येत नव्हती. त्यांनी पाण्यातला प्राणवायू ओढला, मग माझ्या पोकळीतला. पाणी आंबत गेलं आणि त्यातून जड वायू वर येत राहिला. तो माझ्यात विहिरीत पाणी चढावं तसा चढला, गुडघा, कंबर, छाती, आणि शेवटी तोंडापर्यंत भरला. त्याला रंग नव्हता. धूर नव्हता. आंबूस वास होता, पण तो तर माझ्यात नेहमीच असायचा. बाहेरून बैलांच्या घुंगरांचे आवाज येत होते, आणि मी आत मरण भरून उभी होते. मला तोंड आहे, जीभ नाही.

चौथ्या दिवशी सकाळी गुणवंता लवकर आला. पंचफुलाने पुरणपोळ्या बांधून दिल्या होत्या, ती पिशवी त्याने खिळ्याला अडकवली. मोरेश्वर बाहेर कंप्रेसरचं तेल पाहत होता. लांब दांड्याचा ब्रश पंधरवड्यापूर्वी मोडला होता. नवा आणायचं तीनदा ठरलं होतं आणि तीनदा राहून गेलं होतं. गुणवंताने झाकण उघडलं, वरूनच आत पाहिलं. चपला काढल्या. पँट गुडघ्यावर चढवली.

तो पहिली पायरी उतरला, दुसरी उतरला. तिसऱ्या पायरीवर त्याचं डोकं माझ्या तोंडाखाली गेलं. त्याने हाक दिली, "मोरेश्वर, तो ब्रश—"

वाक्य तिथेच राहिलं. त्याचे हात शिडीवरून सुटले. पडताना एक तळवा माझ्या पत्र्यावरून वरपासून खालपर्यंत घसरत गेला. माझा पत्रा गुळगुळीत आहे, कुठेच काही धरायला नाही.

मोरेश्वर "आलो आलो" करत आला, त्याने वरून पाहिलं आणि ओरडला. दुसऱ्याच क्षणी त्याचा एक पाय माझ्या तोंडात होता. तेवढ्यात शेडच्या दारातून मॅडम आत येत होत्या. हातातली पर्स टाकून त्या शिडी चढल्या आणि त्यांनी मागून त्याचा सदरा दोन्ही मुठींनी धरला.

"मोरेश्वर, नाही! आत जायचं नाही!"

"सोडा मले! माणूस पडला हाय आत!"

"तुम्ही पण पडाल! आत हवा नाही. ऐका माझं, हवा नाही आत!"

"मॅडम, सोडा, मी त्याले हातानं उचलतो—"

"कंप्रेसर लावा! आधी कंप्रेसर लावा!"

सदरा टरकन फाटला, पण त्यांनी सोडला नाही. मोरेश्वर दोन क्षण तसाच लोंबकळत राहिला, अर्धा आत, अर्धा बाहेर. मग तो वळला आणि धावला. कंप्रेसर सुरू झाला. गुणवंताच्या अंगाखालून बुडबुडे उठू लागले, तेच, जे दोन वर्षं जंतूंना श्वास देत होते. मॅडम वरून हाका मारत होत्या. "गुणवंताभाऊ! गुणवंताभाऊ!" त्यांची प्रत्येक हाक माझ्यात घुमत होती.

दोर आणि माणसं येईपर्यंत वीस मिनिटं गेली. त्याला बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता.

पोलीस आले, पंचनामा झाला, शेडला कुलूप लागलं. माझ्याकडे येणारं कारखान्याचं पाणी पूर्वीसारखं नाल्यात जाऊ लागलं. माझ्यातलं उरलंसुरलं पाणी वाळून तळाला पापुद्रा धरला.

मग लोकांना माझा आवाज ऐकू येऊ लागला. संध्याकाळी ऊन उतरलं की माझ्यातून टक् असा आवाज येतो. दिवसभर शेडचं छप्पर तापतं, मी फुगते, आणि थंड होताना आक्रसले की माझा एक जुना जोड वाजतो. मोहगावलाही वाजायचा. तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. आता कामगार म्हणू लागले, गुणवंता आतून ठोकते. कोणी दाराला लिंबू-मिरची बांधली, कोणी नारळ ठेवून गेलं. मला पक्कं माहीत आहे की तो जोडाचा आवाज आहे. तरीही तो झाला की मी थांबते. वाटतं, आता ते अर्धं राहिलेलं वाक्य पुरं होईल.

मोरेश्वरलाही ते वाक्य सोडत नव्हतं. तो दर शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या पायाशी जाऊन बसू लागला. एकदा मॅडम शेड पाहायला आल्या, तेव्हा तो त्यांना दारातच भेटला. किती महिन्यांनी दोघं समोरासमोर आले होते.

"मॅडम, एक विचारू?" तो म्हणाला. "तुमी मले धरलं नसतं, मी तवाच उतरलो असतो, तं तो वाचला असता का?"

"नाही. तुम्हीही राहिला नसता."

"पक्कं?"

"पक्कं, मोरेश्वर. दोन श्वासांत."

मोरेश्वरने मान हलवली, पण त्याचा चेहरा मोकळा झाला नाही. "लोकं म्हणते, दोस्त मरून राहिला होता अन तू उभा राहिला. मी काय सांगू त्याइले?"

"माझं नाव सांगा," मॅडम म्हणाल्या. "मी धरलं होतं."

तो गेल्यावर त्या आत आल्या आणि माझ्या पत्र्याला पाठ टेकून खाली बसल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "मी गुणवंताभाऊंना सांगितलंच नाही." एवढंच. तेच वाक्य त्यांनी तीन-चार वेळा म्हटलं, जणू कोणी त्यांना पुन्हा पुन्हा विचारत होतं.

वर्ष होत आलं तेव्हा कारखान्याने ठरवलं की मला कापून भंगारात द्यायचं. हे मोरेश्वरने पंचफुलाबाईच्या कानावर घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. ठेंगणी, उन्हाने रापलेली, पदर कमरेला खोचलेला. गुणवंताच्या बोलण्यातून मी तिला इतकी वर्षं ओळखत होते, पण पाहिलं नव्हतं. मोरेश्वरने मॅडमनाही निरोप धाडला होता. त्या दारात उभ्या होत्या, आत यायचं धाडस होत नव्हतं त्यांना.

"तुकडे व्हायच्या आंधी एकदा पाहावं म्हटलं," पंचफुलाबाई म्हणाली. ती शिडी चढली, मोरेश्वरने झाकण उघडलं. तिने आत पाहिलं. तिचा श्वास मला जाणवत होता, गरम, थांबत थांबत येणारा.

"काय म्हणला होता तो शेवटी?" तिने विचारलं.

"'मोरेश्वर, तो ब्रश', एवढंच," मोरेश्वर म्हणाला.

"कोणता ब्रश?"

"लांब दांड्याचा तं मोडला होता, वैनी. छोटा मांगत असन."

"मंग मोडल्यावर नवा कोणी आणून दिला नाही म्हणून उतरला तो."

ती खाली उतरली आणि सरळ मॅडमसमोर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, मले समजन असं सांगा. तो मेला कायनं?"

मॅडमनी सांगितलं. जंतू, श्वास, बंद झाकण, तीन दिवस. त्यांनी काही गाळलं नाही. पंचफुलाबाई एकेक शब्द ऐकत होती.

"हे तुमाले आंधीपासून मालूम होतं?"

"हो."

"कॉलेजातल्या पोराइले सांगता?"

"दरवर्षी सांगते."

"अन त्याले?"

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "नाही सांगितलं. तो टाकीला माझ्यापेक्षा जास्त ओळखतो, असं मला वाटायचं. माझी चूक आहे, पंचफुलाबाई. मोठी चूक आहे."

"मी काही तुमाले माफ करायले नाही आली," पंचफुलाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ते माह्यानं होणार नाही. पण परवा मी वावरात गेली तं नाला पुन्हा पांढरा वाहून राहिला. तुमी घरी बसल्या, टाकी कापून राहिले, अन नाला तसाच. मंग तो गेला कायले? हे पुन्हा चालू करा."

"कारखाना ऐकणार नाही."

"ते मी पाहतो."

दोन दिवसांनी ती गावातल्या पाच बाया घेऊन मॅनेजरच्या खोलीत गेली. प्रत्येकीच्या हातात नाल्याच्या पाण्याची बाटली होती. पाचही बाटल्या टेबलावर मांडून ती म्हणाली, "प्या न साहेब." मॅनेजरने बाटल्यांकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं, आणि भंगाराचा कागद फाडला. हे मोरेश्वरने शेडमध्ये इतक्यांदा सांगितलं आहे की मी तिथे असल्यासारखं मला वाटतं.

आता माझ्या झाकणाला कुलूप आहे आणि त्याची किल्ली पंचफुलाबाईच्या कमरेला असते. ती इथेच कामाला आहे. माझ्या अंगावर लाल अक्षरात मराठीत आणि हिंदीत लिहिलं आहे, काय करायचं नाही ते. दारामागे लांब दांड्याचे चार ब्रश टांगलेले आहेत. नवा माणूस कामावर आला की ती त्याला माझ्यासमोर उभा करते, सगळं सांगते, आणि मग त्याच्याकडून परत म्हणवून घेते. तो वाचू शकतो की नाही हे ती विचारत नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी पुढे मोठं यंत्र बनवेल, कोणी घाणीतून सोनं काढेल. तुम्हाला जे ठाऊक आहे ते शाबासकी देणाऱ्यांना तर सांगालच. पण ते यंत्र आतून धुणारा कोण आहे ते आधी पाहा आणि त्याला पहिल्यांदा सांगा. त्याच्याजवळ जाऊन, त्याच्या बोलीत, त्याच्या हातातल्या बादल्या खाली ठेवायला लावून सांगा. एवढंच माझं मागणं आहे. आणि माझ्यासारखी कुठलीही बंद जागा, टाकी असो, विहीर असो, गटार असो, ओळखीची आहे म्हणून तिच्यात उतरू नका. आत कोणी पडलंच, तर मागोमाग उडी मारू नका, माणसं बोलवा.

आता त्या दिवसाचं सांगते, जेव्हा मला पुन्हा सुरू करायचं होतं. तळाचा वर्षभराचा पापुद्रा ब्रशाने निघेना. खरवडायला कोणीतरी उतरणं भाग होतं. मोरेश्वर पुढे झाला, तर मॅडम म्हणाल्या, "नाही. मी उतरणार."

सकाळपासून पंखा लावून माझ्यात हवा सोडली होती. माझ्या तोंडावर तीन पायांचा घोडा उभा केला, त्यावर कप्पी. मॅडमच्या खांद्यांना आणि कमरेला पट्टे बांधले. दोराचं टोक मोरेश्वरकडे होतं आणि दोरावर हात पंचफुलाबाईचा. तिने हवेतला प्राणवायू मोजायचं यंत्र दोरीने माझ्यात सोडलं, तळापर्यंत नेलं, वर काढलं, आकडा वाचला. पुन्हा सोडलं, पुन्हा वाचला.

"वीस पॉइंट नऊ. बाहेर हाय तेवढाच," ती म्हणाली. "उतरा."

मॅडम उतरल्या. पहिली पायरी. दुसरी. तिसऱ्या पायरीवर त्या थांबल्या. त्यांचे हात शिडीवर इतके घट्ट होते की मला त्यांची नाडी कळत होती. वर मोरेश्वरने डोळे मिटले होते. मग त्या खाली आल्या, गुडघ्यावर बसल्या, आणि खरवडू लागल्या. पत्र्यावर खर्र खर्र आवाज होऊ लागला.

"मॅडम," वरून पंचफुलाबाई म्हणाली.

"हं."

"बोलत राहा. आवाज बंद झाला का मी ओढीन वर."

"काय बोलू?"

"काहीबी बोला. पोराइले बोलता ते बोला."

खरवडणं थांबलं. मॅडमनी हातातली खरवडायची पट्टी खाली ठेवली. दोर ताठ होऊ लागला, पंचफुलाबाईने ओढायला हात आवळला होता. तेवढ्यात मॅडम बोलल्या.

"गुणवंताभाऊ," त्या म्हणाल्या.

माझ्यात तो शब्द घुमला. दोर तिथेच थांबला.

"गुणवंताभाऊ, ऐका. हे जे जंतू आहेत ना, ते आपल्यासारखाच श्वास घेतात. कंप्रेसर बंद केला आणि झाकण लावलं, की आतली हवा ते संपवतात. दिसत काही नाही. वासावरून कळत नाही. पण आत गेलं की माणूस पडतो. म्हणून टाकी बंद राहिली असेल तर उतरायचं नाही, ब्रश मोडला असेल तरी नाही, मी सांगितलं तरी नाही..."

वर दोरावरची मूठ सैल झाली.

"हं," पंचफुलाबाई म्हणाली. "पुढं सांगा."